डाव्या अंगाचा दगड

मंडळी, बसा सावकाश. मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. आख्यान सुरू करायच्या आधी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. उत्तराची घाई नको.

आपण हाक मारतो. देवाला मारतो, माणसालाही मारतो. समोरून काहीच येत नाही. तर त्या काहीच-न-येण्याचा अर्थ काय घ्यायचा? हाक पोचलीच नाही, असा? पोचली, पण त्याला बोलायचं नाही, असा? की पोचली, बोलायचंही आहे, पण त्याला जमत नाही, असा? या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ऐकायला मात्र तिन्ही सारख्या. गप्प.

मग ओळखायचं कसं?

थांबा, आधी एक गंमत दाखवते. हे आमचे पेटीवाले, शंकरराव. काका, सूर धरा जरा. — हं. आता मी हे बोट वर केलं. थांबले की नाही? बघा. आता मला सांगा, माझं बोट आणि त्यांचं थांबणं, यांचा संबंध काय? बोटाला काही दोरी बांधलेली आहे का? नाही. आमचं दोघांचं ठरलंय, एवढंच. तुमच्यापैकी कुणी बोट वर केलं तर ते थांबणार नाहीत. फार तर विचारतील, काय हो, पाणी हवंय का? खूण म्हणजे एवढीच गोष्ट. दोन माणसांचं काहीतरी ठरलेलं असतं. शब्दही तसाच. 'पाणी' या शब्दात ओलावा नसतो. आपलं ठरलंय, म्हणून तहान भागते.

पण ठरवणाऱ्या दोघांतलं एक माणूस निघून गेलं तर? मग त्या खुणेचं काय करायचं?

ऐका तर.

फोन नव्हते त्या काळची गोष्ट. माणदेशात एक धनगरांचं बिऱ्हाड होतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे, समुद्राच्या अंगाला जायचे. ज्येष्ठात, पाऊस यायच्या आत, परत वर. वर्षातले सात महिने पायाखाली वाट. बायका घोड्यांवर संसार लादून सकाळीच पुढे निघायच्या. मेंढरं घेऊन पुरुष मागून यायचे. मेंढरू चरत चरत चालतं, त्याला मुक्कामाची घाई नसते. तेव्हा पुढे गेलेल्या बायकांनी मागच्यांना सांगायचं कसं, की आम्ही कुठल्या वाटेनं गेलो? अक्षर कुणालाच येत नव्हतं. म्हणून त्या खुणा मांडायच्या.

सगळ्याच धनगरांत अशी रीत असेल असं मी म्हणत नाही. या बिऱ्हाडात होती. वाटेवर फांदी आडवी टाकली, तर इकडून येऊ नका. नुसते दगड मांडले, तर जितके दगड तितके कोस पुढं. आणि एका दगडाला लोकरीचा धागा गुंडाळला, तर — पुढं थांबलोय, ये. कुणी मागं राहिलं असेल, कुणाची घोडी अडली असेल, त्याच्यासाठी ही खूण. धागाही बिऱ्हाडाचा ठरलेला. काळ्या लोकरीत एक पांढरा पदर पिळलेला. दुसऱ्या बिऱ्हाडाची खूण दिसली तर तिला हात लावायचा नाही. आणि खूण कातळावर मांडायची ती डाव्या अंगाला; घाट उतरताना जे डावं, तेच परततानाही डावं.

यापुढचा नियम सगळ्यात कडक. सगळ्यांच्या शेवटी जो चालेल, त्यानं खूण उचलायची. दगड बाजूला टाकायचा, धागा कमरेला खोचायचा. कारण खूण तशीच पडून राहिली तर ती शिळी होते, आणि शिळी खूण माणसाला चुकवते. तिकडे कुणी थांबलेलं नसतं, आणि दगड सांगत असतो, थांबलोय. म्हणून उचललेली खूण म्हणजे सगळी पोचली. न उचललेली खूण दिसली, तर आपलं माणूस मागं राहिलं. मग पुढं जायचं नाही.

आपल्याकडे हे असतं का हो? आपण बोलतो पुष्कळ, उचलत काहीच नाही. दहा वर्षांपूर्वीचं बोलणं जाऊबाईंच्या दारात अजून पडलेलं असतं. हसू नका, ज्यांना लागायचं त्यांना लागलं.

या बिऱ्हाडाचा कारभारी धुळाप्पा. तोच नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालायचा. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एक खूण मागं राहिली नव्हती. त्याची बायको ठकूबाई. त्यांना एकच लेक, फुला. फुलाचं लग्न दुसऱ्या बिऱ्हाडात करून दिलेलं. पहिलं बाळंतपण आईकडे झालं, मुलगी झाली. तीन महिन्यांची झाली, आणि एक दिवस पहाटे बघतात तर अंग गार. रात्री ताप चढला होता, आणि फुलाचा डोळा लागला होता.

ठकूबाई वाईट बाई नव्हती. नातीला मांडीवर घेऊन बसली होती. दुःखात माणूस कुणावर तरी धावून जातं. ती लेकीकडे बघून एवढंच म्हणाली, "तुला झोप कशी लागली?"

चार शब्द.

फुला रडली नाही. तिसऱ्या दिवशी घोडीवर आपलं गाठोडं बांधलं, म्हणाली, "आये, आता तुझ्या वाटंला न्हाई यायची मी." आणि सासरच्या बिऱ्हाडात निघून गेली.

पुढचं सगळं वर्ष ठकूबाईनं तोंडातल्या तोंडात लेकीशी बोलण्यात घालवलं. वर्षानं बिरोबाची जत्रा आली. तिला स्वतःला जायला धीर होईना. धाकटी जाऊ गोजराबाई निघाली होती, तिच्यापाशी निरोप दिला.

"गोजरे, फुला दिसली तर एवढंच सांग, आईनं बोलावलंय. येवढंच."

"येवढंच सांगती, आक्का. माझ्या तोंडाला कुलूप."

कुलूप! गोजराबाईला तुम्ही ओळखता. प्रत्येक घरात एक असते. मनानं चांगली, तोंडाचं सांगू नये. विहिरीवर फुला दिसली, शेजारी सासू उभी, चार बायका उभ्या. गोजरा म्हणते कशी, "फुले, आईनं बोलावलंय. चूक कुणाची का असंना, लेकीनंच वाकावं. तुझी आई रडून अर्धी झालीया, आन् तू हितं घागरी भरतीस व्हय?"

दोन शब्दांचा निरोप पोचेपर्यंत केवढा झाला बघा. परत आल्यावर ठकूबाईनं विचारलं, "काय म्हणाली?"

"काय न्हाई. घागर उचलली आन् गेली. लई ताठा हाय गं पोरीत."

त्या दिवशी ठकूबाईला एक गोष्ट कळली. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडानं पाठवलं की त्याला त्या तोंडाची चव लागते. मग असं काय पाठवावं, ज्याला तोंडच नाही?

आता वाटा समजून घ्या. घाटमाथ्यावर सांबरखिंड नावाची जागा होती. देशावरून दोन वाटा तिथं येऊन मिळायच्या, आणि खाली कोकणात दोन वाटा फुटायच्या. ठकूबाईचं बिऱ्हाड एका वाटेनं येऊन एका वाटेनं उतरायचं. फुलाच्या सासरचं दुसऱ्या वाटेनं येऊन दुसऱ्या वाटेनं उतरायचं. चार वाटा, आणि दोघींना सामाईक अशी जमीन म्हणजे खिंडीतला एक सपाट कातळ. तोही एका वेळी नाही. कार्तिकात ठकूबाई आधी जायची, फुला आठ-दहा दिवसांनी मागून. परतताना फुलाचं बिऱ्हाड कधीच वर गेलेलं असायचं, ठकूबाई शेवटी. म्हणजे आज खूण मांडली, तर तिचं काय झालं हे बघायला मिळणार सात महिन्यांनी.

एक प्रश्न विचारायचा आणि सात महिने चालायचं. आपल्याला सात मिनिटं निघत नाहीत.

त्या वर्षी कार्तिकात ठकूबाईनं खिंडीत घोडी थांबवली. नारळाएवढा दगड घेतला. काळा-पांढरा धागा गुंडाळला. डाव्या अंगाला ठेवला. पुढं थांबलोय, ये.

गोजराबाई म्हणाली, "आक्का, मागं कोण हाय आपल्या? समदी तर पुढंच हायती."

"हाय एक."

गोजरा गप्प बसली. आयुष्यात एकदाच.

सात महिने गेले. ज्येष्ठात वर येताना ठकूबाई खिंडीच्या अलीकडूनच पळत सुटली. कातळ रिकामा! दगड नाही, धागा नाही. ती तिथंच बसली आणि हसायला लागली. मुक्कामावर सगळ्यांना गूळ वाटला. धुळाप्पालाही दिला. त्यानंही खाल्ला. — कसा गिळला असेल?

कारण मंडळी, तो दगड त्यानंच उचलला होता. त्याच दिवशी. बायका सकाळी पुढे गेल्या, दुपारी हा मेंढरं घेऊन मागून आला. खूण दिसली. चाळीस वर्षांची सवय. हात आधी गेला, डोकं मागून आलं. दगड बाजूला पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्या मागं तर कुणी नाही, मग ही कुणासाठी? परत ठेवायला वाकला. पण एकदा उचललेली खूण परत मांडायची नसते. तसाच पुढे गेला.

तो बोलला कधी? पुढच्या कार्तिकाच्या तोंडावर. ठकूबाई चातीवर नवा धागा कातत बसली होती, काळ्यात पांढरा पिळत. तो समोर बसला.

"ठके, मागल्या साली तो दगड म्या उचलला."

चाती थांबली.

"कवा?"

"त्याच दिशी. हात गेला बघ."

"आन् मी गूळ वाटला तवा?"

"तवा सांगवंना."

ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हंजी पावसाळाभर मी तुमच्यावरच खूश व्हते."

केवढी चूक, बघा. आणि ही दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. नियम मोडणारा असता तर दगड तिथंच राहिला असता. नियम पाळणाऱ्यानं घात केला.

मग धुळाप्पा म्हणाला, "औंदा म्या हात लावत न्हाई. पाक डोळं मिटून जातो. पन एक इचार कर. खिंडीत वारं हाय, वानरं हायती, गुराखी हायती. जागा रिकामी दिसली, तर फुलानंच उचलला हे तुला कसं कळंल?"

ठकूबाई परत कातायला बसली. कार्तिकात खिंडीत आली. डाव्या अंगाला खुणेचा दगड ठेवला. मग तेवढाच दुसरा दगड घेतला, त्यालाही तसाच काळा-पांढरा धागा गुंडाळला, आणि तो ठेवला उजव्या अंगाला. उजव्या अंगाच्या दगडाला त्यांच्यात काही अर्थच नव्हता. ती नुसती धागा बांधलेली धोंड.

गोजराबाई म्हणते, "आक्का, ही कसली दोन-दोन देवं मांडलीस?"

ठकूबाई म्हणाली, "वाऱ्याला डावं-उजवं कळत न्हाई. वानराला न्हाई, गुराख्याला बी न्हाई. नेला तर दोन्ही नेतील, न्हाई तर कंचा बी नेतील. डावाच नेमका उचलून उजवा जिथल्या तिथं ठेवणारं माणूस एकच हाय. फुलाच्या सासरची मानसं दुसऱ्याच्या खुणंला हात लावीत न्हाईत."

मंडळी, मोठमोठ्या प्रयोगशाळांत याहून निराळं काय करतात? एका अक्षराची ओळख नसलेली बाई. शहाणपण कुठून आलं? लेकीचा ध्यास लागला की माणूस नेमकं होतं. ज्याला खरोखर जाणून घ्यायचं असतं, तो स्वतःला फसवायची वाट आधी बंद करतो. आपण काय करतो? देवाला कौल लावतो. उजवा आला तर देवाचं म्हणणं, डावा आला तर परत लावतो.

त्या दिवशी धुळाप्पा मागून आला. दोन्ही दगड दिसले. आयुष्यात पहिल्यांदा तो खूण न उचलता पुढे गेला. बरोबरचे गडी सांगायचे, कारभारी दहा वेळा मागं वळून बघत होता.

सात महिन्यांनी? दोन्ही दगड जिथल्या तिथं. ना वाऱ्यानं नेले, ना लेकीनं.

ठकूबाईनं दोन्ही उचलले, धागे सोडवून कमरेला खोचले, चालू लागली. पुढच्या कार्तिकात परत मांडले. त्या वर्षी वळवाचं वादळ झालं. आली तेव्हा कातळ झाडून काढल्यासारखा, डावा नाही आणि उजवाही नाही. गोजराबाई म्हणाली, "बघ, उचलला की!" दुसरी असती तर तिनं मान डोलावली असती. तुम्ही-आम्ही तर नक्कीच डोलावली असती, इतकं हवं असतं आपल्याला. ठकूबाई म्हणाली, "न्हाई गोजरे. उजवा बी गेलाय. ह्ये उत्तर न्हाई."

पुढच्या कार्तिकात परत मांडले.

आणि त्या ज्येष्ठात ती खिंडीत आली. पळाली नाही, आता पळायची सवय मोडली होती. आधी उजवीकडे बघितलं. उजवा दगड तिथंच, धाग्यासकट, वर धूळ बसलेली. मग डावीकडे बघितलं.

डावीकडे दगड नव्हता.

ती हसली नाही. गूळ वाटला नाही. मागून धुळाप्पा आला तर ही कातळाच्या डाव्या अंगाला हात टेकून बसलेली. तो शेजारी बसला. मेंढरं आपली चरत राहिली. त्या दिवशी मुक्काम अलीकडेच पडला.

भेट नाही, शब्द नाही. एका दगडाचं नसणं. त्या नसण्यावर माणूस वर्षभर जगू शकतं, मंडळी. पुढची दोन वर्षं तसंच झालं. कार्तिकात मांडायचं, ज्येष्ठात बघायचं, डावा नाही, उजवा आहे. गोजराबाई म्हणायची, "येवढा दगड उचलतीया तर एकदा दोन दिस आधी निघून भेटत का न्हाई?" ठकूबाई म्हणायची, "तिला येवढंच जमतंय अजून. येवढं तर येवढं."

पण तिला काय हवं होतं, हे तिचं तिला ठाऊक. लेकीला एकदा समोर बसवून एक गोष्ट सांगायची होती. आणि त्या गोष्टीची खूण त्यांच्यात ठरलेली नव्हती. इकडून येऊ नका, याची होती. किती कोस, याची होती. थांबलोय, याची होती. हिची नव्हती.

सातव्या वर्षी ज्येष्ठात पश्चिमेला ढग चढायला लागले होते. मेंढरं खिंडीत आली. ठकूबाईनं उजवीकडे बघितलं, दगड आहे. डावीकडे बघितलं.

दगड आहे.

आता सांगा. पहिल्यांदा विचारलेला प्रश्न आता तिच्यापुढे आलाय. न उचललेला दगड काय म्हणतोय?

गोजराबाईकडे उत्तर तयार. "परत रुसली असंल. सासूनं कान भरलं असतील. आक्का, लेक परक्याची झाली की अशीच. सोड आता नाद."

दुसरा एक गडी म्हणाला, "वाट बदलली असंल त्यांनी."

ठकूबाई डाव्या दगडाकडे बघत राहिली. तीन वर्षं पोचत होतं, आणि आता हे. तिलाही वाटलं असेल, रुसलीच. आपल्या मनाला पहिल्यांदा तेच सुचतं ना? समोरचा गप्प झाला की आपण लगेच त्याचा राग मोजायला बसतो.

तेवढ्यात धुळाप्पा मागून आला. त्यानं डावा दगड बघितला, काठी टेकली, आणि मोठ्यानं म्हणाला, "बिऱ्हाड उतरा."

"कारभारी, पाऊस आलाय डोक्यावर! मेंढरं भिजली तर खुरं सडतील."

"खूण उचललेली न्हाई. काय रीत हाय आपली?"

गडी दगडाकडे बघायला लागले.

"मानूस मागं राह्यलंय," धुळाप्पा म्हणाला. "मानूस मागं असलं तर पुढं जायचं न्हाई. रुसलंय का मेलंय ते बघितल्यावर ठरवू. चार दिस म्या हितं मेंढरं धरून बसतो. ठके, तू घोडी घे, त्यांच्या वाटंनं जा."

सहा वर्षं ती लेकीला दगडातून म्हणत होती, ये. आता तोच दगड उलटून तिला म्हणत होता, जा.

बरोबर कोण गेलं असेल? गोजराबाई! म्हणाली, "मी येती. मागल्या येळी माझ्याच तोंडानं घाण केली. आता बोलत न्हाई, नुसती चालती." आणि वाटभर बोलत होती.

फुलाच्या सासरच्या देशाकडच्या वाटेनं दीड मुक्काम गेल्यावर बेलवाडी लागली. देवळाच्या गुरवाला विचारलं. म्हातारा, डोळ्यांनी अधू. म्हणाला, "धनगरीण ना? आहे की पडवीत. कार्तिकापासून आहे. यांची लादलेली घोडी हिच्या पायावर पडली. मांडीत मोडला पाय. मेंढरं थांबतात का कुणासाठी? नवरा मेंढरांचं खांड घेऊन गेला, येतो मधून मधून; परत वर जाताना न्यायला आला, तेव्हा हिला उभंही राहवत नव्हतं. आता काठीवर चालते अंगणापुरती. पण बाई डोक्यानं जराशी—"

"काय?"

"मला म्हणाली, बाबा, सांबरखिंडीत जा आणि कातळावरचा दगड उचलून टाका. मी गेलो हो एकदा, तिकडे काम होतं म्हणून. खिंडीत दगडाशिवाय दुसरं आहे काय? तिचा कोणता, मला काय दिसतंय? शेवटी वाटेतला एक गोलसा घेऊन आलो, बिचारीचं समाधान व्हावं. तर तो बघून ढसाढसा रडली."

पडवीत फुला बसली होती. समोर सुपात धान्य. वर बघितलं. सात वर्षांनी आईला बघितलं. कोण आधी बोललं असेल?

फुला म्हणाली, "आये, दगड तसाच हाय का गं?"

"हाय. दोन्ही हायत."

"मला वाटलं, तू समजशील मी रुसले."

"तुझ्या आबानं समजू दिलं न्हाई. त्यो म्हणाला, मानूस मागं राह्यलंय."

फुलानं सूप बाजूला ठेवलं. मग फुला खाली बघत म्हणाली, "आये, मला खरंच झोप लागली व्हती."

ठकूबाई तिच्याजवळ बसली. सात वर्षं जी गोष्ट तोंडात होती, ती तिनं सांगितली. "लागतेच बाई. तीन महिन्यांची बाळंतीण. चार रात्री जागलीवतीस. लागतेच झोप. मी बी झोपलेच व्हते की गं तुझ्या पल्याड."

आता मला सांगा, या वाक्याला कुठला दगड मांडायचा? खुणा माणसाला दारापर्यंत आणतात. आत गेल्यावर तोंडानंच बोलावं लागतं.

तिसऱ्या दिवशी फुलाला घोडीवर बसवून दोघी खिंडीत आल्या. थेंब पडायला लागले होते. धुळाप्पानं लेकीला उतरवून घेतलं. रडणं-बिडणं नाही. खांद्याचा आधार देऊन कातळापाशी नेलं आणि म्हणाला, "आज शेवटचं मानूस तू. उचल."

फुला काठीवर भार देऊन वाकली. डावा दगड उचलला, धागा सोडवला, कमरेला खोचला. गोजराबाई उजव्याकडे बोट करून म्हणते, "आन् ह्यो?"

"ऱ्हाऊ दे," ठकूबाई म्हणाली. "त्याला काय अर्थ न्हाई." आणि मेंढरं हाकलली.

मंडळी, आख्यान इथं संपलं. आता तुमच्याकडे वळते. देवाच्या गप्प बसण्याबद्दल मला फारसं ठाऊक नाही. त्याच्या बाजूचं त्यानं बघावं. माणसांबद्दल मात्र मी खात्रीनं विचारते. तुमचं कुणी आहे का, जे पूर्वी उत्तर द्यायचं आणि आता देत नाही? सणाला ज्याचा फोन यायचा आणि यंदा आला नाही? त्याचा अर्थ तुम्ही काय लावलात? माजला, विसरला, रुसला — हेच ना? बघून आलात का? त्याच्या वाटेनं दीड मुक्काम गेलात का? की आपल्या अंगणात बसूनच ठरवलंत? गप्प बसण्याची तीन कारणं असतात, आणि त्यातलं आपल्याला सोपं तेवढं एकच आपण उचलतो.

रोज सांगतात, कीर्तनातून मधेच उठून जाऊ नये. आज माझी परवानगी आहे. कुणाला आत्ता एखादं माणूस आठवलं असेल, तर खुशाल उठा, पायऱ्यांवर जा, त्याला फोन लावा. त्यानं उचलला नाही तर उद्या त्याच्या घरी जा.

शंकरराव, गजर थोडा थांबवा. जाऊ द्या त्यांना. कुणी हसू नका. — हं, या बाई, इकडून वाट आहे.